भूचुंबकीय क्षेत्रातील बदल आणि मानवी आरोग्य

सूर्यावर मोठा उद्रेक झाला आणि त्यातून निघालेले भारित कण पृथ्वीच्या दिशेने येत आहेत, अशी बातमी प्रसिद्ध झाली की तिच्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास विचारला जातो : याचा प्रकृतीवर काही परिणाम होईल काय? १० आणि ११ मे २०२४ रोजी पृथ्वीने गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ अनुभवले. लडाखमधील हानले येथे रात्रीच्या आकाशात तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला आणि त्याची छायाचित्रे देशभर पोहोचली. डोकेदुखी, निद्रानाश, रक्तदाब, पक्षाघात आणि हृदयविकार अशा अनेक व्याधींचा संबंध या वादळांशी जोडला जातो. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सरकत आहेत, क्षेत्र क्षीण होत आहे, या वृत्तांनी शंकेत आणखी भर पडते.

या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी ‘बदल’ या एकाच शब्दाखाली येणाऱ्या तीन गोष्टी प्रथम वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, ठिकाणानुसार क्षेत्रात पडणारा फरक. दुसरी, सूर्यामुळे काही तास वा दिवस टिकणारी वादळे. तिसरी, शतकानुशतके चालणारे ध्रुवांचे सरकणे आणि क्षेत्राचे क्षीण होणे. या तिन्हींचे मोजमाप आणि त्यांचे संभाव्य परिणाम निरनिराळे आहेत.

क्षेत्र किती, बदल किती?

पृथ्वीच्या पृष्ठभागाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर द्रवरूप लोहाचा बाह्य गाभा सुरू होतो. त्या वितळलेल्या धातूच्या प्रवाहांतून निर्माण होणारे विद्युत्प्रवाह हे भूचुंबकीय क्षेत्राचे मुख्य उगमस्थान होय. हे क्षेत्र अतिशय सौम्य आहे. पृष्ठभागावर त्याची तीव्रता ठिकाणानुसार साधारण २२ हजार ते ६७ हजार नॅनोटेस्ला इतकी असते. मुंबईत ती सुमारे ४३ हजार, लंडनमध्ये सुमारे ४९ हजार, तर ब्राझीलमधील साओ पावलो परिसरात सुमारे २३ हजार नॅनोटेस्ला आहे.

या तुलनेत वादळांमुळे होणारा बदल किरकोळ असतो. मे २०२४ मधील तीव्र वादळात, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या वेधशाळांच्या नोंदींवरून काढल्या जाणाऱ्या निर्देशांकानुसार, क्षेत्रात सुमारे ४०० नॅनोटेस्लांची घट झाली. म्हणजे मुंबईतील एकूण क्षेत्राच्या जेमतेम एक टक्का. मुंबईहून लंडनला विमानाने जाणारा प्रवासी नऊ-दहा तासांत याच्या सुमारे पंधरा पट फरक अनुभवतो. त्याला थकवा जाणवतो, झोपेचे वेळापत्रकही विस्कटते. पण त्याचे कारण घड्याळातील तफावत आणि सूर्यप्रकाशाच्या वेळा हे आहे. केवळ क्षेत्राची कमी-अधिक तीव्रता आरोग्यास घातक असती, तर साओ पावलो आणि लंडन येथील रहिवाशांच्या प्रकृतीत त्याचा ठसा ठळकपणे उमटला असता. तसे दिसत नाही.

कुलाब्याची नोंद आणि अलिबागची वेधशाळा

भूचुंबकत्वाच्या अभ्यासात मुंबईचे स्थान मानाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय मोजमापे सुरू झाली. सप्टेंबर १८५९ च्या प्रारंभी, इंग्रज खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन याच्या नावाने ओळखले जाणारे प्रचंड सौरवादळ पृथ्वीवर आले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बंद पडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. त्या वेळी कुलाब्याच्या उपकरणांनी क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. विषुववृत्ताजवळच्या अक्षांशांवरील ही नोंद इतकी मोलाची ठरली, की तिच्या आधारे २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाच्या तीव्रतेचा नव्याने अंदाज बांधला.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आणण्याचे ठरले, तेव्हा वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. ट्रामच्या विद्युत्प्रवाहामुळे निर्माण होणारे क्षेत्र नाजूक नोंदी पुसून टाकणार होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी त्यावर उपाय म्हणून अलिबागची निवड केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेऊन नोंदींचा सांधा जुळवण्यात आला. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. अलिबागची वेधशाळा आजही कार्यरत असून, ती नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

या स्थलांतरामागील कारण आरोग्याच्या प्रश्नासंदर्भातही महत्त्वाचे आहे. विजेची वाहने, लिफ्ट, लोखंडी सांगाड्यांच्या इमारती यांमुळे शहरातील चुंबकीय परिसर सतत बदलत असतो. पोलादी कपाटाजवळ होकायंत्र नेले तरी त्याची सुई विचलित होते. शहरवासीयाच्या दिनक्रमातील हे फरक बहुतेक भूचुंबकीय वादळांपेक्षा मोठे असतात. वादळाचा परिणाम शोधायचा, तर या गोंगाटातून तो वेगळा काढावा लागतो.

रक्तातील लोह आणि चुंबक

‘रक्तात लोह असते, म्हणून चुंबकाचा त्यावर परिणाम होणारच,’ हा युक्तिवाद वारंवार केला जातो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातील बराचसा भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असतो. तथापि, हे लोह खिळ्यातील लोखंडासारखे नसते. हिमोग्लोबिनच्या रेणूंमध्ये लोहाचे अणू एकमेकांपासून दूर, रासायनिक बंधांत अडकलेले असतात. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखवून दिले, की प्राणवायूयुक्त रक्त चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाते, तर प्राणवायू सोडलेले रक्त किंचित आकर्षिले जाते. या दोन्ही प्रेरणा अत्यंत क्षीण असतात.

याची प्रचीती रुग्णालयांत रोज येते. एमआरआय तपासणीच्या यंत्रात साधारणतः १.५ किंवा ३ टेस्ला इतके क्षेत्र असते. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. त्या यंत्रात रुग्ण अर्धा-पाऊण तास पडून राहतो, तरी त्याचे रक्त एका बाजूला ओढले जात नाही. तीव्र क्षेत्रात डोके हलवल्यास काहींना भोवळ किंवा मळमळ जाणवते, पण ती तात्पुरती असते. स्थिर चुंबकीय क्षेत्राबाबतच्या २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सर्वसामान्य व्यक्तीसाठी ४०० मिलिटेस्ला ही मर्यादा सुचवली आहे. पृथ्वीचे क्षेत्र तिच्या सुमारे आठ हजारांश इतके आहे. पेसमेकर वा तत्सम उपकरण शरीरात असलेल्यांसाठी मात्र मर्यादा याहून कितीतरी कडक आहे. त्यांनी कृत्रिम चुंबकांपासून सावध राहावे लागते. भूचुंबकीय वादळाची तीव्रता त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

वादळात क्षेत्र बदलते आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हेही खरे. परंतु तीव्र वादळात जमिनीवर निर्माण होणारा विद्युत्दाब किलोमीटरमागे काही व्होल्ट एवढाच असतो. शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांमध्ये तो साठत जाऊन रोहित्रे निकामी करू शकतो. दीड-दोन मीटर उंचीच्या माणसाच्या बाबतीत तसा संचय होत नाही.

सजीवांमधील होकायंत्र

मग हा विषय येथेच संपतो काय? तसे नाही. अतिशय सौम्य क्षेत्राचीही जाणीव होणारे जीव निसर्गात आहेत. चुंबकीय रेषांच्या अनुरोधाने पोहणाऱ्या जिवाणूंचे वर्णन रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली केले. या जिवाणूंच्या पेशीत मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या सूक्ष्म स्फटिकांची माळ असते. स्थलांतर करणारे पक्षी, समुद्री कासवे आणि काही मासेही दिशा ठरवण्यासाठी भूचुंबकीय क्षेत्राचा उपयोग करतात. युरोपातील रॉबिन पक्ष्याच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम या प्रथिनावर प्रकाश पडला असता घडणाऱ्या रासायनिक क्रियेवर चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव पडतो, असे २०२१ साली प्रयोगशाळेत आढळले.

क्रिप्टोक्रोम मानवी पेशींतही असते आणि ते शरीराच्या दैनंदिन जैविक घड्याळाशी निगडित आहे. मानवी मेंदूच्या ऊतींमध्ये मॅग्नेटाइटचे कण सापडल्याचे जोसेफ किर्शविंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली जाहीर केले. किर्शविंक यांच्याच गटाने २०१९ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाहेरील क्षेत्रापासून बंदिस्त अशा अंधाऱ्या खोलीत ३४ व्यक्तींना बसवून भोवतालच्या, पृथ्वीइतक्याच तीव्र क्षेत्राची दिशा फिरवण्यात आली. क्षेत्र विशिष्ट दिशेने फिरवले असता काहींच्या मेंदूतील अल्फा लहरींत घट झाली. त्या व्यक्तींना स्वतःला मात्र कसलीच जाणीव झाली नाही.

या प्रयोगाचा अर्थ नेमका लावणे आवश्यक आहे. मानवी मेंदूत चुंबकीय संवेदनेचा पुसट अवशेष असू शकेल, असे तो सुचवतो. क्षेत्रातील बदलामुळे आजार होतो, असे तो म्हणत नाही. वाऱ्याची झुळूक अंगाला जाणवणे आणि वाऱ्याने न्यूमोनिया होणे या जशा दोन वेगळ्या गोष्टी, तसेच हे.

आकडेवारी काय सांगते?

सूर्यावरील डाग आणि मानवी व्याधी यांचा संबंध जोडण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न रशियातील अलेक्सांद्र चिझेव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केला. साथीचे रोगच नव्हे, तर इतिहासातील उठाव आणि क्रांत्यादेखील सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्रानुसार येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे सामाजिक निष्कर्ष आज स्वीकारले जात नाहीत. मात्र त्यांनी उपस्थित केलेल्या वैद्यकीय प्रश्नावर संशोधन सुरू राहिले.

अलीकडच्या अभ्यासांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. २०१४ साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील ११,४५३ पक्षाघातग्रस्तांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार भूचुंबकीय वादळाच्या दिवसांत पक्षाघाताची शक्यता सुमारे १९ टक्क्यांनी अधिक आढळली. २०१९ मध्ये अमेरिकेतील २६३ शहरांत १९८५ ते २०१३ या काळात झालेल्या सुमारे ४ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही भूचुंबकीय अस्वस्थता आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांच्यात संबंध दिसला. याउलट, उत्तर स्वीडनमधील हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात असा संबंध आढळला नाही. उत्तर स्वीडन हा ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याजवळचा प्रदेश. वादळांचा प्रभाव तेथे सर्वाधिक असतो, म्हणून हा नकार दुर्लक्षिण्यासारखा नाही.

आकडेवारीतील सापळे

दोन घटना एकाच वेळी घडल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. या विषयात तर फसगतीच्या जागा अनेक आहेत. भूचुंबकीय वादळांचे प्रमाण मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या आसपास वाढते. हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाणही थंडी, उष्मा, हवेचे प्रदूषण आणि साथी यांनुसार ऋतुमानाप्रमाणे बदलते. दोहोंच्या चढउतारांचा योगायोगाने मेळ बसू शकतो. वादळाचा दिवस, त्याच्या आधीचा, नंतरचा, तिसरा असे अनेक दिवस आणि अनेक वयोगट तपासत गेल्यास त्यांपैकी एखाद्यात ‘संबंध’ केवळ योगायोगाने सापडतोच. संबंध आढळलेले अभ्यास प्रसिद्ध होतात, न आढळलेले पुष्कळदा कपाटात राहतात.

१९ टक्के या आकड्याचा अर्थही समजून घ्यावा लागतो. एखाद्या व्यक्तीला ठरावीक दिवशी पक्षाघात होण्याची शक्यता मुळात अत्यल्प असते. त्या अत्यल्प शक्यतेत १९ टक्क्यांची भर, असा त्याचा अर्थ. त्यातील ‘१९’ हा आकडा लक्षात राहतो आणि ‘अत्यल्प’ हा शब्द विसरला जातो. अनियंत्रित उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि मधुमेह यांमुळे हाच धोका दररोज, वर्षानुवर्षे आणि कितीतरी अधिक प्रमाणात वाढलेला असतो.

शिवाय कार्यकारणभावाची साखळी अपुरी आहे. झोपेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाच्या पातळीत किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत वादळामुळे सूक्ष्म फरक पडत असावा, असे काही अभ्यास सुचवतात. परंतु शरीरातील कोणता घटक इतका सौम्य बदल टिपतो आणि तो बदल रक्तवाहिनीपर्यंत कसा पोहोचतो, हे सिद्ध झालेले नाही. म्हणून या अभ्यासांना पुरावा न म्हणता, पुढील तपासाचा संकेत म्हणणे योग्य ठरते.

ध्रुव सरकले, उलटले तर?

उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सैबेरियाच्या दिशेने सरकत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा वेग वर्षाला ५० किलोमीटरच्या वर गेला होता. अलीकडे तो काहीसा मंदावला आहे. गेल्या दोनशे वर्षांत भूचुंबकीय क्षेत्र सरासरी सुमारे ९ टक्क्यांनी क्षीण झाले. दक्षिण अटलांटिक महासागर आणि दक्षिण अमेरिका यांवरील पट्ट्यात ते विशेष दुबळे आहे. ही घट म्हणजे ध्रुव उलटण्याची नांदीच, असे म्हणता येत नाही. यापूर्वीचा पूर्ण पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाला आणि अशा पालटाला सर्वसाधारणपणे हजारो वर्षे लागतात.

सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी क्षेत्र काही शतके ढळले होते. फ्रान्समधील लाशांप येथील लाव्हाच्या खडकांत त्याचा पुरावा सापडला. त्या काळात क्षेत्राची तीव्रता आजच्या सुमारे दहाव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली आली होती. त्यामुळे ओझोन घटला, हवामान पालटले आणि प्राणी नष्ट झाले, असा दावा २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात करण्यात आला. मात्र प्राण्यांच्या ऱ्हासाच्या तारखा आणि हिमस्तरांतील पुरावे यांच्याशी तो जुळत नाही, असा आक्षेप अन्य संशोधकांनी घेतला. जुन्या जीवाश्मांच्या नोंदीतही ध्रुवपालट आणि सामूहिक विनाश यांची सातत्यपूर्ण सांगड दिसत नाही.

याचे एक कारण डोक्यावरच्या हवेत आहे. वैश्विक किरणांपासून संरक्षण करण्याच्या कामी पृथ्वीचे वातावरण सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या थराइतके उपयोगी पडते. चुंबकीय ढाल दुबळी झाली तरी हे आच्छादन कायम राहते. जून २०१५ मधील वादळाच्या वेळी, उटी येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात म्यूऑन कणांचा सुमारे दोन तासांचा लोंढा नोंदला गेला. ‘पृथ्वीच्या ढालीला भेग’ अशा मथळ्यांनी ती बातमी गाजली. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो ढाल तात्पुरती दुबळी झाल्याचा मोलाचा पुरावा होता. जमिनीवरील माणसाच्या प्रकृतीला त्यापासून धोका नव्हता.

खरा धोका कोठे आहे?

वातावरणाच्या आच्छादनाबाहेर किंवा त्याच्या वरच्या विरळ थरांत परिस्थिती वेगळी असते. ध्रुवीय मार्गांवरील विमानांचे कर्मचारी जमिनीवरील लोकांपेक्षा अधिक किरणोत्सर्गाला सामोरे जातात. तीव्र सौरवादळात अशा विमानांचे मार्ग वा उंची बदलली जाते. ऑगस्ट १९७२ मध्ये, अपोलो-१६ आणि अपोलो-१७ या मोहिमांच्या मधल्या काळात, सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्या वेळी अंतराळवीर चंद्राच्या वाटेवर असते, तर त्यांच्या प्रकृतीला गंभीर धोका होता. मंगळाकडे जाणाऱ्या भावी मोहिमांपुढील ही सर्वांत मोठ्या वैद्यकीय अडचणींपैकी एक आहे.

जमिनीवरील माणसाला खरी झळ पोहोचते, ती यंत्रणांच्या मार्गाने. १३ मार्च १९८९ रोजी भूचुंबकीय वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था सुमारे दीड मिनिटात कोलमडली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. रुग्णालयातील अतिदक्षता विभाग, घरी प्राणवायू यंत्रावर असलेले रुग्ण, लसींची शीतगृहे, रुग्णवाहिकांचे मार्गदर्शन हे सर्व वीज आणि उपग्रहांवर अवलंबून आहे. वादळ शरीराला स्पर्श न करताही ते संकटात येऊ शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या आदित्य एल-१ या भारतीय यानाद्वारे सूर्यावर ठेवली जाणारी पाळत त्यामुळे आरोग्याच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरते.

उत्तरेकडे डोके आणि चुंबकाचे कडे

उत्तरेकडे डोके करून झोपू नये, हा संकेत महाराष्ट्रातील घराघरांत पाळला जातो. त्याचा उगम धार्मिक परंपरेत आहे; मृतदेहाचे डोके उत्तरेस ठेवण्याची प्रथा त्यामागे दिसते. पुढे त्याला भूचुंबकत्वाचे ‘शास्त्रीय’ स्पष्टीकरण चिकटवण्यात आले. रक्तातील लोहाबाबत वर जे नमूद केले आहे, त्यावरून हे स्पष्टीकरण टिकत नाही. कोणी परंपरा म्हणून तो संकेत पाळला, तर त्यात हानी नाही. भौतिकशास्त्राचा दाखला मात्र त्यास लागू पडत नाही.

चुंबकीय कडी, गाद्या आणि ‘चुंबकीय पाणी’ यांबाबत अधिक सावधगिरी हवी, कारण तेथे पैसा आणि उपचार दोन्ही पणाला लागतात. वेदनाशमनासाठी वापरल्या जाणाऱ्या स्थिर चुंबकांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ साली कॅनडातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चुंबक उपयुक्त असल्याचे त्यातून दिसून आले नाही. रक्तदाबाची गोळी सोडून मनगटात कडे घालणाऱ्याला होणारा अपाय चुंबकामुळे होत नाही. तो सोडलेल्या गोळीमुळे होतो.

सारांश

सध्याच्या ज्ञानाच्या आधारे एवढे म्हणता येते, की भूचुंबकीय क्षेत्रातील बदलांमुळे निरोगी माणसाला थेट अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्यांवर वादळांचा अल्प परिणाम होत असेल, ही शक्यता संशोधनाच्या कक्षेत आहे. तो परिणाम उद्या सिद्ध झाला, तरी रुग्णाने करावयाच्या गोष्टी बदलणार नाहीत : औषधे वेळेवर घेणे, रक्तदाब तपासणे, तंबाखू टाळणे आणि पुरेशी झोप. छातीत दुखू लागले, बोलणे अडखळू लागले किंवा शरीराची एक बाजू लुळी पडू लागली, तर त्या दिवशी सौरवादळ आहे की नाही, हे पाहण्यात वेळ दवडू नये. रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. पक्षाघातात मेंदूच्या पेशी मिनिटागणिक नष्ट होत असतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच प्रामुख्याने उपयोगी पडते.